कडक इस्त्रीचे सात गणवेश

कडावच्या बाजारात श्रीपतचं दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक कोळशाची इस्त्री आणि एक तोंड, आणि तिन्ही दिवसभर चालू. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की श्रीपत त्याला आधी ऐकवणार, तुमच्या सदऱ्याची कॉलर कुणी बिघडवली, खांदे कसे उतरलेत, आणि मुंबईत असा सदरा शिवला असता तर आपल्याला शिकवणाऱ्या उस्तादानं त्या कारागिराला कसं हाकललं असतं. गिऱ्हाईक हसायचं, पण कापड त्याच्याकडेच टाकायचं. कारण शिवण पक्की आणि इस्त्री अशी की पँटीची घडी चार दिवस मोडायची नाही.

या इस्त्रीवर त्याचा भारी जीव. त्याला कारणही होतं. छप्पन साली गावाबाहेरच्या वाड्यावरच्या सगळ्यांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा श्रीपत शाळकरी पोर होता. त्याचे वडील कोंडीराम त्या दिवसापासून घरात एकच गोष्ट घोकत राहिले. कपडा जुना असू दे, ठिगळाचा असू दे, पण धुतलेला पाहिजे आणि त्याची घडी कडक पाहिजे. चुरगळलेल्या कपड्यात आपल्याला बघायची लोकांना सवय झालेय, ती सवय मोडायची. म्हातारा गेला, पण श्रीपतच्या अंगात हे असं भिनलं होतं की पोरांच्या शाळेच्या चड्ड्यासुद्धा तो भाताच्या पेजेत बुडवून, वाळवून, इस्त्री फिरवून द्यायचा. त्या चड्ड्या जमिनीवर उभ्या केल्या तर उभ्या राहायच्या. पोरं बिचारी बसताना हळूच बसायची.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात या श्रीपतवर एक जोखीम येऊन पडली, आणि ती त्याच्या बायकोमुळं.

विमल त्याची बायको. दोन लेकरांची आई. पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतात लावणीला, दिवाळीच्या आधी कापणीला, आणि भात झोडून झालं की रिकाम्या खळ्यावर कबड्डीला. हो, कबड्डीला. वाड्यावरच्या सहा जणी आणि कुणब्यांच्या आळीतली लडकू, अशा सात जणी रोज संध्याकाळी जमायच्या, लुगड्यांचे काष्टे घट्ट मारायच्या आणि दिवेलागणीपर्यंत धूळ उडवायच्या. विमल चढाईवाली. एका दमात आत शिरून, दोघींना हात लावून, कुणाला कळायच्या आत मधल्या रेषेवर परत. इतर वेळी ती श्रीपतची बायको असायची, गंगाबाईची सून असायची, कमळ्याची आई असायची. खळ्यावर तिला सगळ्या ‘विमल’ म्हणून हाक मारायच्या. दिवसातला तो तास तिला जेवणापेक्षा जास्त लागायचा.

खोपोलीला चौदा एप्रिलच्या जयंतीनिमित्त सामने भरायचे, त्यात त्या साली पहिल्यांदाच बायकांचे सामने ठेवले होते. विमलनं नाव दिलं. नाव दिल्यावर कळलं की लुगडं चालणार नाही, सगळ्यांना सारखा गणवेश पाहिजे, अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि गुडघ्यापर्यंत चड्डी.

झालं! गंगाबाई भडकली.

गंगाबाई म्हणजे श्रीपतची आई आणि वाड्यावरच्या महिला मंडळाची प्रमुख. तिचा शब्द वाड्यावर कुणी खाली पडू देत नसे. निम्म्या जणींची लग्नं तिनं जमवलेली, उरलेल्यांची बाळंतपणं तिनं केलेली. ती म्हणाली, “चड्ड्या घालून? चार गावच्या लोकांपुढं? आनि लोक हसले मंजे?”

“आत्या, हसायला काय झालं? खेळ हाय तो,” विमल म्हणाली. आमच्याकडं सासूला आत्या म्हणायची रीत.

“खेळ हाय ते मला नको शिकवू. मी पन हुतूतू खेळलेली हाय. पन लोक आपल्याला हसायला टपलेलेच असतात, ते तुला म्हायती नाय.” मग शेवटी म्हणाली, “जा. एकदा जा. पन पयल्याच सामन्याला हरून आलात, तर पुन्ना खळ्यावर पाय ठेवायचा नाय. कुनीच नाय. हे माजं सांगनं हाय. आनि मी सोता बघायला येनार.”

विमलनं मान डोलावली, पण रात्री तव्यावरच्या दोन भाकरी तिनं करपवल्या. श्रीपतनं ते बघितलं. हरलं तर बायकोचा तो तास जाणार, हे त्याला तेव्हाच उमगलं, आणि गणवेश आपण शिवायचे आहेत हेही.

आता कापड कोणतं घ्यायचं? दुसऱ्या दिवशी नवरा-बायको शिळफाट्याला गेले. तिथं मालोजीचं कापडाचं दुकान होतं. मालोजीनं सुती पॉपलीन दाखवलं ते नावापुरतं, आणि लगेच नायलॉनचा एक तयार सदरा गादीवर फेकला. लखलखीत निळा. “ताई, जमाना ह्याचा आहे. फाटत नाही, विटत नाही, पिळून टाकलं की अर्ध्या तासात वाळलं. आणि हात लावून बघा, पकडता येतो का!”

विमलनं कापड चिमटीत धरलं. ते निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. तिचे डोळे असे चमकले की श्रीपतनं घाईघाईनं पॉपलीनचा तागा पुढं ओढला.

“अवो, बघा की! हे अंगात आसंल तर मला धरंल कोन?”

“ह्याच्या आत हवा जात नाय, इमल.”

“हवा खायाला चाललेय का मी?”

मालोजी मोठ्या मनाचा माणूस, किंवा मोठा धंदेवाला म्हणा. सदरा दोन दिवस घेऊन जा म्हणाला, घालून बघा, मग ठरवा. संध्याकाळी खळ्यावर विमलनं तो लुगड्यावरच चढवला आणि चढाईला गेली. लडकूनं तिला कमरेला मिठी मारली. ही लडकू म्हणजे पकडीत अशी वाघीण की एकदा तिचे हात पडले की सुटका नाही. पण त्या दिवशी विमल तिच्या मिठीतून ओल्या साबणासारखी सुळकन निघून गेली. सगळ्या जणींनी एकच कल्ला केला. लडकू आपल्या हातांकडं बघत बसली आणि म्हणाली, “मला पन असाच पायजे!” झालं, सातही जणी नायलॉनवाल्या झाल्या.

श्रीपत एकटा पडला. “अगं, पन आता सांज हाय, वारा हाय,” तो म्हणत राहिला, पण बायकांनी त्याला वेड्यात काढलं. विमल तर घरी येताना म्हणालीच, “तुमचं सगळं सुतातच अडकलंय.”

पण दुसऱ्याच दिवशी खोपोलीहून निरोप आला की बायकांचा सामना दुपारी अडीचला. पुरुषांचे सामने संध्याकाळी, ऊन कललं की. बायकांचे दुपारी. का तर म्हणे बायकांना उन्हाची सवय असते. असं ठरवणारे स्वतः मांडवाच्या सावलीत बसणार होते, हे सांगायला नकोच. आणि एप्रिलातली खोपोलीची दुपार म्हणजे काय, ते तिथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. तीन बाजूंनी डोंगर, वारा अडलेला, जमीन तव्यासारखी.

श्रीपतनं मग हट्टच धरला. “आज दुपारी खेळा. भर उनात. तुला ह्यो सदरा, लडकूला माजा जुना सुती. मंग तुमी बोलाल ते कापड आननार, एक शब्द काढनार नाय.”

श्रीपत एक शब्द काढणार नाही म्हणतोय, याचंच बायकांना इतकं नवल वाटलं की त्या तयार झाल्या. दुपारी खळ्यावर पाय भाजत होते. विमलनं पहिली चढाई झोकात मारली. दुसरीही मारली. तिसरीला ती आत शिरली, ‘कबड्डी कबड्डी’ चाललं होतं, आणि मधेच दम तुटला. चौथीला पण तुटला. विमलचा दम तुटलेला आजवर कुणी पाहिला नव्हता. ती बाजूला येऊन बसली, सदरा ओढून काढला, तर तिच्या गळ्यावर, हातांवर लालभडक घामोळं उठलेलं. घाम सगळा आतल्या आत साचलेला, कापडाला एक थेंब नाही. “अंगाला प्लास्टिक गुंडाळल्यासारखं वाटतंय गं,” ती म्हणाली आणि दोन तांबे पाणी प्यायली. लडकूचा सुती सदरा चिंब भिजला होता, पण ती मजेत होती.

“आता बोला,” श्रीपत म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असा काही आव होता, जणू कापूस त्यानंच शोधून काढला.

“बोलायचं काय? आना सुती,” विमल म्हणाली. मग हळूच म्हणाली, “पन अवो, त्यात ते मला धरतील.”

“धरू दे. दम आसंल तर सुटशील.”

इथवर श्रीपतचं शंभर टक्के बरोबर होतं, आणि हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढं त्यानं जे केलं त्यावरून त्याला नुसता मूर्ख समजू नका.

निळं पॉपलीन आलं. श्रीपतनं बाकीची सगळी कामं बाजूला ठेवून सात सदरे आणि सात चड्ड्या शिवल्या. हात वर करताना ओढ बसू नये म्हणून बगलेत चौकोनी तुकडा घातला, गंगाबाईला बरं वाटावं म्हणून चड्ड्या गुडघ्याखाली चार बोटं नेल्या. पाठीवर पांढरे आकडे शिवले. काम असं सुबक झालं की तो स्वतःच मागं सरकून बघत राहिला. आणि बघता बघता त्याला वाटलं, कापड कसं लुळं पडतंय. खोपोलीच्या संघाकडं नायलॉन असणार, तो कारखान्याच्या वसाहतीतला संघ, त्यांचे कपडे चकाकणार. आणि आपल्या बायका त्यांच्यापुढं या लोंबणाऱ्या सुतात उभ्या राहणार? लोक काय म्हणणार? म्हणणार, हे वाड्यावरचे, असेच यायचे.

त्याला वडील आठवले. मग काय, त्यानं घरचं पातेलं उचललं, कोलम तांदळाची घट्ट पेज काढली, गाळली, त्यात थोडी नीळ टाकली आणि चौदाही कपडे बुडवले. एकदा नाही, दोनदा. वाळल्यावर पाणी शिंपडून अशी इस्त्री मारली, अशी मारली, की बाह्यांच्या घडीनं बोट कापावं. सामन्याच्या दिवशी सकाळी सगळ्या जणींनी कपडे चढवले आणि एकमेकींकडं बघतच राहिल्या. निळे, ताठ, कडकडीत. चालताना चड्ड्यांचा सरसर आवाज येत होता. गंगाबाईनं एकेकीला फिरवून पाहिलं आणि लडकूची बाही आपल्या हातानं सारखी केली. श्रीपतची छाती इतकी फुगली की टेंपोत त्याला जागा पुरेना.

खोपोलीचं मैदान नदीकडच्या अंगाला होतं. चारी बाजूंनी गर्दी. समोरचा संघ आला तो खरंच चकाकत आला, पिवळ्याजर्द नायलॉनमध्ये. पण आपल्या बायका ताठ उभ्या राहिल्या तेव्हा मांडवातला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, “कुठला संघ? शिस्त दिसते बुवा.” श्रीपतनं ते ऐकलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वडील असते तर, असं त्याला वाटलं.

शिट्टी झाली. विमल पहिल्या चढाईला गेली आणि गुण घेऊन आली. दुसऱ्या चढाईलाही आली. मग घाम यायला लागला.

आता पेज म्हणजे काय हो? भाताचं पाणी. वाळलं की कडक, भिजलं की चिकट. पोस्टाचं तिकीट चिकटवायला आपण तीच वापरतो. हे भाताच्या मुलखात जन्मलेल्या श्रीपतला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ज्या कपड्यांना त्यानं आजवर पेज दिली, त्यात लोक लग्नाला जायचे, कचेरीत जायचे, फोटो काढायला जायचे. त्यात कुणी धावलं नव्हतं.

पाच मिनिटांत सात जणींच्या अंगावर खळ तयार झाली. सदरा पाठीला चिकटला, चड्डी मांडीला चिकटली, पाय उचलेना. पडलं की माती अशी लगडून येई की आकडे दिसेनात. विमल चढाईला गेली आणि पिवळ्यांच्या एका उंच पोरीनं नुसता दंडावर हात टाकला, तर तो तिथंच बसला. सुटेना! विमलनं हिसका दिला, सदरा ताणला, हात तसाच. बाद. लडकूनं पकड केली तर तिचीच बाही तिच्या कुशीला चिकटली. बाद. मध्यंतराला पंचांनी गुण सांगितले. पिवळ्यांचे एकोणीस, कडावचे सात.

लोक हसायला लागले होते. मातीनं माखलेल्या, कपडे अंगापासून सोडवत चालणाऱ्या सात बायका. कुणीतरी ओरडलं, “अहो, शेतातनं आल्या काय डायरेक!” आणि मोठा हशा पिकला.

श्रीपतच्या तोंडचं पाणी पळालं. विमल त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं आपला दंड दोन बोटांत धरला, बोटं उचलली, तर मधे बारीक तार आली. ती त्या तारेकडं बघत राहिली, आणि मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. “माजा खेळ गेला अवो,” ती म्हणाली. एवढंच. श्रीपतला वाटलं, जमीन दुभंगावी.

तेवढ्यात गंगाबाई गर्दीतून वाट काढत आली. तिनं विमलच्या पाठीवर हात ठेवला, हात नाकाशी नेला आणि वास घेतला.

“पेज घातलीस व्हय रं, शिरपत?”

“आये, मला वाटलं—”

“मेल्या, खेळायला चालल्यात का मांडवात बसायला?” चार लोकांत, भर मैदानात, तिशी ओलांडलेल्या लेकाला तिनं असं फैलावर घेतलं. पण एकदाच. पुढं बोलायला तिच्याकडं वेळ नव्हता. मैदानावर शिंपडायला म्हणून कडेला पाण्यानं भरलेला पिंप ठेवला होता, तिथली बादली तिनं उचलली. “इकडं या समद्या. पाठ फिरवा.”

आणि भरलेली बादली तिनं विमलच्या डोक्यावर ओतली. विमल दचकली, ओरडली. गंगाबाईनं दुसरी ओतली आणि हातानं तिची पाठ, दंड, बाह्या खसाखसा चोळल्या, लहान पोराला न्हाऊ घालावं तशा. पांढरं दुधासारखं पाणी पायांवरून वाहत गेलं. मग लडकू. मग बाकीच्या. श्रीपत धावत पिंपातून पाणी काढून देत होता, त्याचे स्वतःचे कपडे भिजले, त्याची स्वतःची कडक इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत चिखलात गेली, त्याला भान नव्हतं. लोक आणखी हसायला लागले. गंगाबाई बादली हातात घेऊन वळली.

“कोन हसतोय रं? ये पुढं. तुला पन आंगुळ घालते.”

कुणी पुढं आलं नाही. हशा मात्र बंद झाला.

पिवळ्यांच्या बाजूनं तक्रार गेली की ओल्या कपड्यात कसं खेळतात. पंच विचारात पडले. अंगाला तेल लावलेलं चालत नाही हे त्यांना माहीत होतं, पाण्याचं कुठं काही लिहिलेलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, “नाही तरी पाच मिनिटांत घामानं भिजणारच आहेत. चला, जागा घ्या.”

आणि मग मंडळी, खरा सामना सुरू झाला. सुती कापड ओलं झालं की उन्हात काय सुख देतं, ते त्या दिवशी सातही जणींना कळलं. अंगावर जरासा वारा आला तरी गार वाटायचं. कपडा मऊ पडला होता, जसा हवा तसा वळत होता. आणि समोर पिवळ्या नायलॉनमध्ये ती उंच पोरगी लालबुंद झाली होती. तिनं पहिल्या डावात सगळ्यांना नाचवलं होतं, आता तिची चढाई मधेच तुटायला लागली. एकदा दम तुटला, लडकूनं तिला बाहेर काढलं. पुन्हा आली, पुन्हा तुटला. निसटायला कापड छान होतं, पण निसटायला आधी आत तर यायला हवं.

विमल चढाईवर चढाई करत होती. तिला धरत होते, नाही असं नाही. सुती कपडा हाताला सापडतोच. पण तिचा दम संपत नव्हता. तिघींनी तिला मधे आवळलं तरी तोंडानं ‘कबड्डी कबड्डी’ चालूच, आणि ती त्या तिघींना घेऊन फरफटत रेषेकडं येत होती. तिचं बोट रेषेला लागलं तेव्हा श्रीपत असा ओरडला की त्याचा घसा तीन दिवस बसला. पिवळ्यांचा अख्खा संघ बाद, त्यांच्यावर लोण चढला. मघाशी हसणारेच आता ‘कडाव, कडाव’ करत होते. आणि या सगळ्यात गंगाबाई मैदानाच्या चुन्याच्या रेषेवर उकिडवी बसली होती, पदर खोचून, आणि “डावीकडं! अगं, डावीकडं बघ!” असं ओरडत होती. दोनदा तिला पंचांनी मागं सरकायला सांगितलं.

पंचवीस-बावीस. सव्वीस-चोवीस. शेवटची चढाई विमलची. ती गेली, एकीला हात लावून परत आली. सव्वीस-पंचवीस. ती रेषेवर आली आणि त्याच क्षणी लांब शिट्टी वाजली. सामना संपला.

एका गुणानं हरले.

ती पिवळी उंच पोरगी विमलजवळ आली, धापा टाकत म्हणाली, “आणखी दोन मिनिटं असती ना ताई, तर आमचं काही खरं नव्हतं,” आणि मैदानावरच मटकन बसली. विमलनं तिला पाणी दिलं. पण विमलचा चेहरा विझला होता. बाकीच्यांचाही. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती गोष्ट टेंपोच्या पुढच्या बाजूला, चालकाशेजारी, पाठमोरी बसली होती.

परतीच्या वाटेवर कपडे अंगावरच वाळले. श्रीपतनं आयुष्यात पहिल्यांदा तास-दीड तास तोंड बंद ठेवलं. आईला कसं सांगायचं ते तो मनात जुळवत होता. चूक माझी आहे, शिक्षा त्यांना नको, वाटल्यास मशीन बंद कर माझं. पण त्याला माहीत होतं, आईचा शब्द म्हणजे शब्द. विमल त्याच्या शेजारी बसली होती, बाहेर बघत. त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, हे बघून त्याला अजूनच वाईट वाटलं.

कडावला टेंपो थांबला. सगळ्या जणी उतरल्या आणि घरी न जाता तशाच घोळक्यानं उभ्या राहिल्या. गंगाबाई सगळ्यात शेवटी उतरली. पदर सारखा केला. कुणाकडं न बघता म्हणाली, “एका गुनानं.”

“आये,” श्रीपत पुढं झाला, “माजी चूक हाय. मीच पेज—”

“तुजी तर हायच. तू गप बस.” तिनं हातानंच त्याला बाजूला सारलं. “एका गुनानं! बारा गुनांनी मागं व्हत्या पोरी. बारा! आनि कुटं आनून ठेवलं! मला तर झोप यायची नाय आज.”

विमलनं धीर केला. तिचा आवाज बसलेला होता. “आत्या, तुमी बोलला व्हता. हरून आलो तर खळ्यावर पाय ठेवायचा नाय.”

“बोलले व्हते.”

“मंग?”

गंगाबाईनं तिच्याकडं असं बघितलं, जणू ही पोरगी काय खुळ्यासारखं विचारतेय. “तवा मला काय म्हायती, आसं पन हरतात! अगं, ती उंच पोरगी दर खेपेला उजव्या कोपऱ्यातनं शिरते, तिकडं कुनाचं लक्ष नाय. लडकू, तू मधे काय करतीस? तुजी जागा कोपऱ्यात. तुमाला आतनं दिसत नाय, मला भाइरनं समदं दिसतं.” मग ती घराकडं वळली आणि चालता चालताच म्हणाली, “उद्या सांजच्याला खळ्यावर या. समद्या. उशीर करायचा नाय. मी येनार हाय शिकवायला.”

विमल जागच्या जागी उभी राहिली. लडकूनं तिला कमरेला मिठी मारून वर उचललं, आणि या खेपेला विमलनं सुटायची काही खटपट केली नाही. ती हसत होती, रडत होती, आणि त्या मातकट निळ्या सदऱ्यातच म्हाताऱ्या सासूच्या मागं धावली.